शून्य रुपयांचा मुक्काम

आमच्या गूगल शीटमध्ये ‘मुक्काम’ नावाचा एक कॉलम होता. त्यात तेवीस रात्री होत्या आणि त्यांतल्या अठरा रात्रींपुढे मी शून्य लिहिलं होतं. ते शून्य बघून मला फार भारी वाटायचं. रात्री झोपण्याआधी फोनवर शीट उघडून मी ते नुसतं बघत बसायचो.

बेत असा होता: साताऱ्याहून बाइकवर कन्याकुमारी, तिथून ४४ नंबरच्या हायवेनं थेट वर श्रीनगर, मग परत घर. माझं गाव विट्याजवळ, मित्र सातारचा. एक बाइक, दोघं जण, २४ दिवस, दोघांचे मिळून ४० हजार. अंतर साधारण साडेसात हजार किलोमीटर. लिटरला ४० चं अ‍ॅव्हरेज आणि १०३ रुपये सरासरी भाव धरला तर पेट्रोललाच १९,४०० जातात. टोल दुचाकीला नाही, हा सगळ्या बजेटमधला एकमेव सरकारी उपकार. सर्व्हिसिंग, पंक्चर, चेन, केबल यांना ३ हजार. उरले १७,६००. आता रोज सातशेचा लॉज घेतला तर २३ रात्रींचे १६,१०० होतात आणि जेवायला माणशी रोज ३१ रुपये राहतात. म्हणजे वडापाव, तोही बेतानं.

म्हणून शून्य. पाच रात्री गुरुद्वारा आणि धर्मशाळा, पाच रात्री लॉज, आणि तेरा रात्री ‘गाववाले’. एवढं धरल्यावर जेवणाचा आकडा माणशी २९३ वर आला. बेत जमला.

आमच्याकडच्या लोकांना ‘गाववाले’ म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि तिकडं माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा. शेतात पाणी नव्हतं म्हणून माणसं बाहेर पडली आणि जिथं जिथं सराफ कट्टा आहे तिथं तिथं जाऊन बसली. काश्मीरपासून केरळपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ गल्लीत मराठीत हाक मारा, एखाद्या भट्टीमागून ‘कुठलं गाव?’ असा आवाज येण्याची शक्यता बरीच आहे. देशभर पसरलेलं असं जाळं फार थोड्या तालुक्यांकडं असेल, आणि मी ते फुकटच्या हॉटेलांची साखळी म्हणून शीटमध्ये भरलं होतं.

आग्र्याचे आण्णा वडलांचे चुलतभाऊ. त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “या की. दोन दिस ऱ्हावा. ताजमहाल आम्ही बी अजून नीट बघितला न्हाय, तुमच्याबर बघू.” मग विचारलं, “संगट कोण हाय?” म्हटलं, मित्र आहे, सातारचा. “कुणापैकी?” मी काही बोललो नाही. “आडनाव काय?” आणि मी म्हणालो, “पाटील.”

ते पाटील नव्हते. माझा मित्र पाटील नाही, तो बौद्ध आहे आणि त्याचं आडनाव ऐकलं की आमच्याकडं लगेच कळतं. मी हे एका सेकंदात केलं, विचार न करता. आणि मग विचार करून त्याहून वाईट गोष्ट केली: शीटमध्ये आग्र्याच्या ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं, ‘बोललो. पाटील सांगितलंय.’ आम्ही दोघांनी तिथं एकच सांगावं म्हणून.

शीट अर्थातच दोघांची होती.

पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी त्यानं मला ती ओळ फोनवर दाखवली. चिडला नाही. म्हणाला, “मसूर माहितीय ना तुला?” मसूर म्हणजे उंब्रजजवळचं, कराड तालुक्यातलं. माहीत होतं, पण फाटा म्हणून. त्याच्या घरी मसूर वेगळ्या अर्थानं सगळ्यांना माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ फोनवर शोधून वाचलं. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं, तो दिवस आपल्याकडं विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते, तिथं दुष्काळी कामावर तळं खोदलं जात होतं. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावलं. मुलांनी नवे कपडे, नव्या टोप्या घातल्या आणि रेल्वेनं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं, कारण येत असल्याचं पत्र वडलांच्या हातात पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली. मुलं महार आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि वर अट अशी, की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर, गाडीवानाच्याच सल्ल्यावरून, मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. डबा जवळ होता, पण पाण्याविना जेवता आलं नाही. मुलं तशीच झोपली.

आपण बजेट ट्रिप म्हणतो तेव्हा प्रश्न पैशाचा आहे असं धरून चालतो. त्या मुलांकडं पैसे होते. नुसते नव्हते, दुप्पट द्यायची तयारी होती.

आणि खोटं तर दोन्हीकडं बोललं गेलं. ती मुलं स्वतःबद्दल बोलली, तहान लागली म्हणून. मी दुसऱ्याबद्दल बोललो, त्याला न विचारता, दोन रात्रींचे चौदाशे रुपये वाचावेत म्हणून.

यावर माझा बचाव मी बरेच दिवस मनात घोळवला. आण्णा जुने आहेत, त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं, मित्राला अवघडल्यासारखं झालं असतं, मी दोघांची सोय बघितली. हा बचाव टिकत नाही. आण्णांनी आडनाव विचारलं, पण उत्तर ऐकून ते काय म्हणाले असते हे मला माहीतच नाही. कदाचित ‘बरं’ म्हणून पुढं ताजमहालावर आले असते. परगावात तीस वर्षं काढलेला माणूस गावातल्या माणसासारखाच असेल असं मी गृहीत धरलं. म्हणजे एका वाक्यात मी दोघांचा अपमान केला, आणि आण्णांना तर तो झाल्याचंही कळलं नाही.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट त्याच्या गावाबाहेर फारसा कधी गेला नाही, पण प्रवाशांच्या हक्काबद्दल त्यानं १७९५ साली एक कामाचा फरक सांगून ठेवला आहे. ‘शाश्वत शांती’वरच्या निबंधात तो म्हणतो की परक्या मुलखात गेलेल्या माणसाला शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे, पण पाहुणा म्हणून घरात ठेवून घेतलं जाण्याचा हक्क नाही, त्यासाठी वेगळं मैत्रीचं नातं लागतं. रस्ता, पाणी, गाडी हे पहिल्या प्रकारात येतं. मसूरला मुलांना जे नाकारलं गेलं ते त्यांच्या हक्काचं होतं. आणि मी शीटमध्ये तेरा वेळा जे लिहिलं होतं त्यावर माझा हक्क मुळातच नव्हता. तरी ते मला इतक्या सहज मिळणार होतं की मी त्याचा बजेटमध्ये आकडा केला.

‘अतिथी’ या शब्दाची आपल्याकडची पारंपरिक फोड म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही असा. मी तर तेरा घरांना तारखा वाटून ठेवल्या होत्या. मनुस्मृतीकडून काही शिकायची माझी इच्छा नाही, तिच्यातला पाहुणा ब्राह्मण असावा लागतो. पण तिथं एक मजेशीर शिक्षा सांगितली आहे. दुसऱ्याच्या घरच्या शिजलेल्या अन्नावर नजर ठेवून फिरणारा मूर्ख गृहस्थ मेल्यावर त्या अन्नदात्याच्या दावणीचं जनावर होतो. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, “तेरा घरं म्हणजे तेरा जन्म. वाटून घे, नांगरट कुठं सोपी आहे बघून.”

शून्य हे शून्य नसतंच, हे मला आईमुळं कळलं. तिला म्हटलं, आण्णांकडं दोन दिवस फुकटात होतील. ती म्हणाली, “फुकटात कसं?” काही वर्षांपूर्वी आण्णांच्या आईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आमच्याकडं दुखणं मोठं असलं की मिरज. तेव्हा आईनं अठरा दिवस सकाळ-संध्याकाळ डबा पोचवला होता, एसटीनं. ते अठरा दिवस कुठल्या वहीत लिहिलेले नाहीत, पण आण्णांना पाठ आहेत. मी आग्र्याला उतरणार ते आईच्या खात्यातून पैसे काढून. आणि तिकडं भाकरी थापणार काकू, भट्टीवरच्या माडीतल्या एका खोलीत, जिथं आधीच पाच जण झोपतात. दोन्ही टोकांना राबणारी बाई, आणि मधल्या शीटमध्ये माझं शून्य.

मित्राच्या आईनंही कुणाकुणासाठी डबे केले असतील. ते खातं कुठं कुठं चालतं, हे मी त्याला विचारलं नव्हतं. नागपूर आमच्या मार्गावरच होतं. तिथं त्याची सख्खी आत्या राहते, हे मला पोवई नाक्यावर कळलं. शीटमध्ये नागपूरपुढे मी लॉज लिहिला होता.

आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या कडकीतल्या प्रवासाचंही असंच आहे. वरसईचे गोडसे भटजी डोक्यावर कर्ज म्हणून १८५७ साली उत्तरेला निघाले आणि बंडात सापडले. मिळालेला पैसा झाशीत लुटला गेला. १९०७ साली छापलेलं त्यांचं ‘माझा प्रवास’ आजही थरारक वाटतं. पण ते निघू शकले कशाच्या जोरावर? पुण्यापासून ग्वाल्हेरपर्यंत आपल्या माणसांची घरं आहेत, तिथं पान मांडलं जाईल, दक्षिणा मिळेल, या भरवशावर. धाडस खरं होतं. पण असं रिकाम्या खिशानं निघायचं धाडस करायला काहींना आडनावाची मदत होते, काहींना होत नाही. आजचे ‘पाच हजारात भारत’ छापाचे व्हिडिओ मी आता तसेच बघतो. दार उघडणारा माणूस दिसतो. दार का उघडलं, ते कॅमेऱ्यात येत नाही.

गुरुद्वाऱ्याच्या पाच रात्रींबद्दल आमचं खरं भांडण झालं. मी म्हणालो, मग लंगरही बजेटमध्ये धरायला नको. तो म्हणाला, ते वेगळं. पंगतीत शेजारी कोण बसलंय हे न विचारणं हाच तिथला नियम आहे, आणि खाल्लेलं फेडायचं असेल तर भांडी घासायची जागा समोरच असते. मी म्हणालो, गरजूसाठी असलेली जागा आपण हौसेसाठी वापरायची का? त्याचं म्हणणं, तिथं गरजू आणि हौशी असा फरकच ठेवलेला नाही, तो तू सोबत घेऊन चाललायस. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. आषाढीला माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणहून जाते तेव्हा गावंच्या गावं वारकऱ्यांना जेवू घालतात, पण दिंडीत चालणारा वारकरी आपली भिशी भरूनच निघतो. तेवढं तरी आपण करावं. शेवटी रोजचे दोनशे दानपेटीला आणि एक तास भांडी, यावर मिटलं.

लॉजबद्दल मात्र त्याचं मत पक्कं आहे. “लॉजवाला पण आधार कार्डवर आडनाव वाचतोच. पण सातशे घेतल्यावर त्याला गप्प बसावं लागतं.” मी मसूरच्या दुप्पट भाड्याची आठवण करून दिली, पुण्यात भाड्याची खोली शोधताना त्याला आलेले अनुभवही. तो म्हणाला, “म्हणून तर म्हणतो, सातशेत गप्प बसतात तिथंच जाऊ.”

नवीन बेत छोटा आहे. कन्याकुमारी नाही, श्रीनगर नाही. सातारा ते अमृतसर आणि परतीला आग्रा, १४ दिवस, ४,४०० किलोमीटर. पेट्रोल ११,३००, गाडीला २ हजार, दहा रात्री लॉज ७ हजार, तीन रात्री गुरुद्वारा. माणशी रोज सातशेच्या आसपास उरतात, म्हणजे दानपेटी, जेवण आणि एखादा कुल्फी-फालुदाही. ‘मुक्काम’च्या कॉलमात आता आण्णांचं घर नाही. आग्र्यात एक संध्याकाळ भेटायला जायचं, दोन किलो सातारी कंदी पेढे घेऊन.

पण त्याआधी फोन करणं भाग होतं. रविवारी दुपारी केला, भट्टी बंद असते म्हणून. सांगितलं की राहणार नाही, नुसतं भेटायला येऊ. आणि सांगितलं की मित्र पाटील नाही. आडनाव सांगितलं.

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता. तो कुणीतरी कमी केला.

“मग तवा पाटील का म्हणालास?” आण्णांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “कवा पोचताय ते मथुरा सोडल्यावर सांगा,” आणि फोन ठेवला.