लेकराशी खरे बोलावे काय?

डॉक्टरला औषध शिकवता येते, हे कोणीही मान्य करील. पण मरणाच्या वाटेवरच्या लेकराशी बोलावे कसे, हे शिकवता येते काय? 'छे, ती माया उपजतच असावी लागते,' असे आपण चटकन म्हणतो. पण ही पळवाट आहे. माया असते, म्हणूनच तर जीभ अडते!

कर्करोगाच्या पोराला घरचे म्हणतात, 'काही नाही रे बाळा, बरा होशील.' डॉक्टरही मान डोलावतो. हे खोटे प्रेमापोटीच असते. पण पोराला काय दिसत नाही? मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या अमेरिकन विदुषीने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये वावरून १९७८ साली ग्रंथ लिहिला. कोणी न सांगताही मुलांना मरण कळले होते. आईबापांसाठी तीच न कळल्याचे सोंग करीत होती. म्हणजे सांभाळणारे कोण आणि सांभाळले जाणारे कोण? त्या सोंगात लेकरू एकटे पडते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

मग सरळ सांगून टाकावे काय? तेही नव्हे. स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गेलेल्या आईबापांना विचारले. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. मुलाशी मरणाविषयी बोललेले १४७ जण होते; त्यांतल्या एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना मात्र चुटपुट लागून राहिली. पण उरलेल्यांना नव्हती, हेही पाहावे. तेव्हा सर्वांना एकच दंडक नाही.

इथेच शिक्षणाचे काम पडते. आधी लेकराला विचारावे, 'तुला काय वाटतंय?' त्याने चित्र काढले तर ते पाहावे. विचारील तेवढेच सांगावे, पण खोटे सांगू नये. आईबापांना, भावंडांना जवळ घ्यावे. आणि वेदना आधी थांबवावी. कळवळणाऱ्या पोराशी बोलणे कसले? मुलांच्या कर्करोगातील वेदनांवर जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच मार्गदर्शक पुस्तक काढले. रोग हटला नाही तरी दुखणे हटवण्याच्या या विद्येची एम.डी. पदवी आपल्याकडे २०१० साली मान्य झाली. परळच्या टाटा इस्पितळात २०१२ पासून ती शिकवतात.

पण लेकरू भेटते ते प्रत्येक डॉक्टरला, पदवीवाल्यालाच नव्हे. म्हणून हे शिक्षण सर्वांना हवे. माया शिकवता येत नसेल. पण मायेला बोलते करणे शिकवता येते. बाकी विचार वाचकांनी करावा.