अर्धे लक्ष कोणाच्या वाट्याला?



वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर अशा आपल्या भागातील कितीतरी मुले-मुली आज पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. समोर प्रोग्रॅम, बाजूला ई-मेल, कानात मीटिंग आणि हातात मोबाईल, असा त्यांचा दिवस जातो. एका वेळी चार कामे करील तो हुशार, असा समज झाला आहे. तो खरा आहे काय?

‘मल्टिटास्किंग’ हा शब्द मुळात माणसासाठी नव्हताच. १९६० च्या दशकात तो संगणकाच्या संदर्भात रूढ झाला. गंमत अशी की, एकाच प्रोसेसरचा संगणकही दोन कामे एकदम करीत नाही. एक काम थोडे करायचे, ते कुठवर आले याची नोंद ठेवायची, दुसरे घ्यायचे, पुन्हा पहिल्याकडे यायचे. हे सारे इतक्या वेगाने होते की आपल्याला ते एकदम चालल्यासारखे वाटते. संगणक आपली नोंद चोख ठेवतो; माणसाला ते जमत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की, एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळणाऱ्याचे मन काही अंशी मागेच रेंगाळते आणि नवे काम त्यामुळे बिघडते.

मग घरची बाई भाकरी थापता थापता मुलाचे पाढे ऐकते, ते कसे? सवयीचे काम हात करतात, मन मोकळे असते. दोन्ही कामांना विचार लागतो तेव्हा मात्र ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतात. तिफणीच्या चाड्यावर ज्यांनी मूठ धरली आहे त्यांना हे सांगायला नको. लक्ष हलले की ओळीत खाडा पडतो आणि तो दिसतो उगवण झाल्यावर. प्रोग्रॅममधील चूकही अशीच उशिरा दिसते. चूक करणारा हिंजवडीत असतो. खोळंबतो तो बँकेच्या रांगेत उभा असलेला म्हातारा.

म्हणून हा प्रश्न न्यायाचाही आहे. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. हाती घेतलेल्या कामाचे आणि समोरच्या माणसाचे आपण लक्ष देणे लागतो. माणसाचे मन अनेक गोष्टींत विखुरते, ही व्यथा संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच मांडली होती.

दोष एकट्या तरुणांचा नाही. घडीघडी मीटिंगला बोलावणारा साहेब त्यात आला, आणि भरदुपारी किरकोळ कारणासाठी फोन करणारे आपण घरचेही आलो. कोणाला दोन तास अखंड काम करू देणे हीसुद्धा मदतच आहे.

रात्री मुलगा फोनवर ‘हो, हो’ म्हणतो आणि डोळे पडद्यावर असतात. आईला ते कळते. ती बोलून दाखवत नाही. मुलांनो, या आठवड्यात लॅपटॉप मिटून घरी फोन करा. पालकांनो, तुम्हीही टीव्ही बंद करून बोला. पाचच मिनिटे बोला, पण ती पूर्ण द्या.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू