सहाशे वेळा उचललेला दाणा

१९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रँडॉल्फ न्यूडो आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक छोटा शोधनिबंध आला. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्क्विरल मंकी जातीच्या लहानखुऱ्या माकडांच्या मेंदूत मुद्दाम इजा केली होती. जिथून हाताच्या हालचाली चालतात नेमक्या त्या भागात, आणि तीही थोडीशीच. मग चांगला हात बाहीत अडकवून ठेवला आणि अधू हाताने खळग्यांतले खाऊचे दाणे उचलायला लावले. आधी रुंद खळगा, जमायला लागलं की त्याहून अरुंद, मग आणखी अरुंद. दिवसाला सुमारे सहाशे वेळा. त्याच गटाच्या आधीच्या प्रयोगात ज्या माकडांना असं काही काम दिलं नव्हतं, त्यांच्या मेंदूतला इजेशेजारचा, मुळात शाबूत असलेला हाताचा भागही आक्रसत गेला होता. दाणे उचलणाऱ्यांमध्ये तो टिकला. काहींत तर पूर्वी कोपर आणि खांदा सांभाळणाऱ्या जागेत बोटांनी शिरकाव केला.

हा निबंध वाचताना यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वेचणीचे दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत. पऱ्हाटीवर बोंड फुटलं की बोटांच्या चिमटीत कापूस धरायचा, काटेरी टरफल चुकवायचं, ओटीत टाकायचा, पुढच्या बोंडाकडे हात. एका बोंडात साधारण चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे वीस किलो वेचणाऱ्या बाईची चिमूट दिवसभरात चार-पाच हजार वेळा मिटते आणि उघडते. न्यूडोच्या माकडांचा आकडा तिला सकाळच्या न्याहारीआधीचा वाटेल. आर्णी, राळेगाव, घाटंजी, कळंब, जिथे जाल तिथे हेच. मेंदूच्या दुरुस्तीचं शास्त्र ज्या मापात बोलतं, ते माप या जिल्ह्यातल्या बायांच्या हातांना सवयीचं आहे. आणि याच बाईला लकवा मारला तर त्या दिवसापासून तिच्या उजव्या हाताच्या वाट्याला दिवसाला दहासुद्धा कामं येत नाहीत.

मेंदूच्या इजेतून माणूस कसा सावरतो, यात आयुष्य घालवणाऱ्या वैज्ञानिकाची कारकीर्द फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने मज्जापेशींची सूक्ष्म चित्रं काढून आधुनिक मेंदूविज्ञानाचा पाया घातला. त्याचाच निष्कर्ष असा की प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात, तुटलं ते पुन्हा उगवत नाही. पुढच्या पिढ्यांनी हा निष्कर्ष शिरोधार्य मानला. मात्र भविष्यात विज्ञानाने हा कठोर निकाल बदलावा अशी आशाही त्याने व्यक्त केली होती, ती पाठ्यपुस्तकांत फारशी उरली नाही. सावरण्याचा अभ्यास करायचाच तर आधी सावरणं शक्य आहे असं मानावं लागतं, आणि ज्यांनी ते मानलं त्यांची बरीच वर्षं थट्टा सोसण्यात गेली.

त्यांपैकी एडवर्ड टॉब या संशोधकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्यात शास्त्राइतकंच अवघड माणूसपणही आहे. टॉब माकडांच्या एका हाताच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापत असे. हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरणं सोडून देई. त्यावर तो चांगला हात बांधून पाही, आणि निकामी ठरवलेला हात कामाला लागे. टॉबचा निष्कर्ष साधा होता. इजेनंतरच्या पहिल्या दिवसांत माकडाने हात हलवून पाहिला, जमलं नाही, पुन्हा पाहिला, पुन्हा अपयश. तेवढ्यात दुसऱ्या हाताने भागतंय हे कळलं. पुढे हात हलण्याजोगा झाला, तरी न वापरण्याचा धडा पक्का बसलेला होता. म्हणजे पांगळेपणाचा काही हिस्सा इजेचा, आणि काही शिकलेला.

१९८१ साली मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्याच्या प्रयोगशाळेतल्या १७ माकडांची अवस्था एका प्राणीहक्क कार्यकर्त्याने जगापुढे आणली. पोलिसांची धाड पडली, खटला चालला, प्राण्यांशी क्रूरतेचा ठपका बसला. पुढे अपिलात निकाल फिरला, पण अनुदान गेलं, प्रयोगशाळा गेली. त्या माकडांच्या पिंजऱ्यांचं वर्णन वाचलं तर टॉबची बाजू घ्यावीशी वाटत नाही, आणि मीही घेणार नाही. तरीही १९९१ मध्ये त्याच माकडांपैकी काहींच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा हाताकडून काहीच न ऐकणारा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देत असल्याचं आढळलं. तो बदल सेंटिमीटरभर पसरलेला होता. प्रौढ माकडाच्या मेंदूत एवढी उलथापालथ होऊ शकते हे त्याआधी कुणाच्या कल्पनेत नव्हतं. खटल्यानंतर टॉब अलाबामा विद्यापीठात गेला आणि तीच कल्पना लकव्याच्या रुग्णांवर वापरू लागला. चांगल्या हातावर जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ जाड हातमोजा चढवायचा आणि अधू हाताकडून काम करून घ्यायचं. ‘एक्साइट’ नावाच्या चाचणीत २२२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांवर दोन आठवडे हा उपाय झाला आणि २००६ साली त्याचा फायदा दिसून आल्याचं प्रसिद्ध झालं. मुख्य अट एक होती. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत असली पाहिजेत. हात पूर्णच लोळागोळा असलेल्यांसाठी हा उपाय नव्हता, आणि हे सांगायला टॉबचे चाहते बऱ्याचदा विसरतात.

आता दवाखान्याकडे वळू. कॅथरीन लँग या संशोधिकेच्या गटाने पुनर्वसन उपचारांच्या शेकडो सत्रांना हजर राहून फक्त मोजदाद केली. रुग्णाचा अधू हात एका सत्रात उपयोगाची हालचाल किती वेळा करतो? सरासरी ३२. माकडाला सहाशे लागतात तिथे माणसाला मिळतात बत्तीस. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत बोचरा आकडा. नवी औषधं, मेंदूला बाहेरून चुंबकीय उत्तेजन, मूळ पेशी यांच्या बातम्या येत राहतात आणि ठळक छापल्या जातात. बत्तिसाची बातमी होत नाही.

यवतमाळच्या बातम्याही ठरलेल्या आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, २०१७ सालची फवारणीची विषबाधा, टिपेश्वरचे वाघ. लकवा त्यांत नसतो, कारण तो घरातच घडतो आणि घरातच संपतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. डॉ. योगेश्वर कालकोंडे हे अमेरिकेत मेंदूविकारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते परत आले ते गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत. त्यांच्या गटाने गडचिरोलीतल्या ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले, म्हणजे सातांत एक. इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. त्या २२९ पैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली. २०१५ साली हे छापून येईपर्यंत लकवा हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, अशी पुष्कळांची समजूत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पेशी बघत बसू शकला असता असा माणूस खेडोपाडी जाऊन मयताच्या घरी विचारपूस करतो, ही कारकीर्दही मेंदूविज्ञानाचीच आहे. उलट मला तीच जास्त पुढची वाटते. कारण सावरणं अभ्यासायचं तर आधी कोण जगतं आणि कोण जगत नाही हे माहीत हवं.

गडचिरोली आणि यवतमाळ यांच्यात फरक आहेच. यवतमाळला १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आजूबाजूला सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं आहेत. तरीही रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते, आणि झरी-जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, त्यातले पहिले दोन तास गाडी शोधण्यात जाऊ शकतात. उमरखेडचा माणूस नांदेडकडे धावतो, वणीचा चंद्रपूर-नागपूरकडे. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या तरण्या पोरांचीही हीच धावपळ. पण तो पहिल्या तासांचा प्रश्न झाला, आणि त्यावर निदान बोललं तरी जातं. त्यानंतरच्या सहा महिन्यांबद्दल कुणी बोलत नाही.

त्या सहा महिन्यांत काय होतं? सुट्टी होते, कागदावर ‘फिजिओथेरपी’ असं लिहिलेलं असतं, फिजिओथेरपिस्ट तालुक्याला. घरी बाज टाकली जाते. कुणी तेल आणतं, कुणी कबुतराच्या रक्ताची मालिश सुचवतं. सगळ्यांत पक्का सल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा: “बाबाले आता काई करू देऊ नका, आराम करू द्या त्याईले.” सून घास भरवते, नातू पाण्याचा गडवा तोंडाला लावतो. जन्मभर राबलेल्या माणसाला अखेर बसून खाऊ घालतोय, यात घराची इभ्रत असते आणि खरी मायाही असते. टॉबचं माकड जो धडा एकट्याने शिकलं, तो इथे अख्खं घर मिळून शिकवतं. गमतीची गोष्ट ही की राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटी धाम आहे, लकव्याचे रुग्ण तिथे लांबून लांबून येतात, सात दिवस राहतात आणि मंदिराला रोज प्रदक्षिणा घालतात. देवाच्या कृपेबद्दल मी काही बोलणार नाही. पण खाटेवरच्या माणसाला उठवून, धरून का होईना, रोज चालवणारी ती एकमेव व्यवस्था असेल, तर तिला हसण्याआधी आपल्या सुट्टीच्या कागदाकडे बघावं.

इथवर आलं की वाटतं, उत्तर सोपं आहे. घरच्यांना शिकवा, झालं. नेमकं हेच भारतात करून पाहिलं गेलं. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना घरच्या घरी व्यायाम आणि सराव करून घ्यायला शिकवण्यात आलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एकतर दगावले होते किंवा परावलंबी होते. तसूभर फरक नाही. त्याआधी २०१५ साली ‘अव्हर्ट’ या दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसलं होतं की पहिल्या २४ तासांतच सुरुवात करून रुग्णाला वारंवार आणि जास्त प्रमाणात उठवत राहिलं, तर चांगलं सावरणाऱ्यांचं प्रमाण उलट थोडं कमी होतं. म्हणजे ‘जितकं जास्त, जितकं लवकर’ हेही खरं नाही. सुरुवातीच्या दिवसांत शेजाऱ्यांचा आरामाचा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता.

‘अटेंड’चा निकाल मला पचायला जड गेला. माया आहे, माणसं आहेत, मग फक्त माहितीच कमी आहे, असं मानणं फार सोयीचं होतं. आता वाटतं, त्या चाचणीने शिकवण्याची परीक्षा घेतली, कामाची नव्हे. नातेवाइकाला थेरपिस्टची नक्कल करायला शिकवलं की तो अर्धा तास हात वरखाली करून घेतो आणि पुन्हा घास भरवायला बसतो. दिवसाची रचना बदलत नाही. तूर निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, सरकी वेगळी करणं, ही कामं अधू हाताच्या नावावर लिहून ठेवली आणि चांगला हात थोडा वेळ ओढणीने बांधला, तर काय होईल? कुणीतरी हे नीट तपासायला हवं, आणि निकाल पुन्हा शून्य आला तर तोही छापायला हवा. यवतमाळच्या महाविद्यालयात दर वर्षी पदव्युत्तर प्रबंध लिहिले जातात. विषय शोधायला ह्यूस्टनला जावं लागणार नाही.

एक हिशेब मात्र कुठल्याच चाचणीच्या तक्त्यात मला सापडत नाही. लकवा ऐन वेचणीत झाला, तर सासऱ्याच्या हाताला सहाशे वेळा दाणा उचलायला लावायला घरात कोण बसणार? सूनच. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तिने रोज दोन तास बाजेजवळ काढले, तर तेवढा कापूस दुसऱ्या कुणाच्या ओटीत जातो. त्या दोन तासांचे पैसे कुठल्या योजनेतून, कुणाच्या नावावर आणि किती आठवडे द्यायचे, हा प्रश्न मेंदूविज्ञानाचा नाही असं कुणी म्हणेल. डॉ. कालकोंडेंच्या गटाने मृत्यू मोजायला घेतले, तेव्हा तोही कुणाला मेंदूविज्ञानाचा प्रश्न वाटला नसता.