बोकड्या, मावा आणि तुझं पाठांतर

चि. सिद्धेश यास,


जिवाणूंच्या विषाणूंत दुपदरी डीएनए, वनस्पतींच्या विषाणूंत एकपदरी आरएनए, हे तू घोकून ठेवलंयस. 'नीट'मध्ये एक प्रश्न सुटेलही त्यावर. पण कारणासकट शीक, नाहीतर पर्याय जरा फिरवले की गडबडशील.

कुशावर्त कुंडातलं ओंजळभर पाणी घेतलंस तर त्यातही जिवाणूभक्षक, म्हणजे जिवाणूंचे विषाणू, असणारच. कुठल्याही नैसर्गिक पाण्यात असतात. त्यांचं काम सोपं आहे. जिवाणूला केंद्रक नसतं, डीएनएच्या नकला काढायची यंत्रणा आत उघडीच असते. भक्षक बाहेर चिकटतो, डीएनए आत सोडतो, की सुरू. टोमॅटोच्या पानात तसं नाही. तिथली यंत्रणा केंद्रकात, आणि वाढ पूर्ण झालेल्या पेशीत ती बहुतेक बंद. आरएनएवाल्याला तिची गरजच नाही: पेशीद्रवातच तो आपली प्रथिनं बनवून घेतो, त्यांतल्याच विकरानं स्वतःच्या नकला काढतो. हे एकमेव कारण म्हणून लिहू नकोस, पण पटण्याजोगं नक्की आहे.

आता तुमच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये जा. बोकड्या रोगानं चुरडलेल्या पानातला विषाणू डीएनएवाला निघतो, तोही एकपदरी, गोल! केंद्रकात शिरून तो पेशीला थांबलेली यंत्रणा पुन्हा चालू करायला लावतो. २०२० मध्ये राज्यात टोमॅटोवर 'तिरंगा' म्हणून जो रोग गाजला, त्याच्या तपासणीत काकडीचा मोझॅक विषाणू सापडला होता; तो मात्र नियमातला, आरएनएचे तीन तुकडे घेऊन फिरणारा. भक्षकांतही अपवाद आहेतच. गंमत बघ, ज्यांचा जनुकीय मजकूर सर्वांत आधी पूर्ण वाचला गेला ते दोघंही अपवादच: १९७६ मध्ये आरएनएवाला एमएस२, ३,५६९ अक्षरांचा, आणि १९७७ मध्ये एकपदरी डीएनएचा फाय-एक्स १७४. तुझ्या नियमात दोघंही बसत नाहीत. म्हणून उत्तरात 'बहुधा' लिहायला विसरू नकोस, आणि प्रत्येक बाजूचा एक तरी अपवाद नावानिशी ध्यानात ठेव.

दादाला सांग, डीएनए असो की आरएनए, विषाणू शिरलेलं झाड फवारणीनं बरं होत नाही. बोकड्या पांढरी माशी आणते, मोझॅक मावा. नर्सरीतून रोपं उचलताना पानं उलटून बघा.

तुझी,
आत्या