तेहेतिसावा दगड

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले व शेवटी स्वतःचाही अंत करून घेतला. मृतांत मुंबईहून शिकावयास गेलेली एक मुलगी होती. मूळचे तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते. बालपणी नाझींच्या छळातून वाचलेले ७६ वर्षांचे ज्यू प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू होते. वर्गाचे दार अंगाने अडवून धरून त्यांनी विद्यार्थ्यांना खिडक्यांतून उड्या टाकण्यास अवधी मिळवून दिला व स्वतः प्राण गमावला. नाझींच्या हातून मेलेल्या ज्यू बांधवांच्या स्मरणाचा तो दिवस होता.

विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या मैदानावर तेथील चुनखडीचे ३२ दगड मांडले. त्यांत एका विद्यार्थिनीने मारेकऱ्यासाठी तेहेतिसावा दगड ठेवला. तो कोणीतरी उचलून नेला. तिने पुन्हा ठेवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायमचे स्मारक झाले, त्यात ३२ च दगड आहेत.

आमच्या मते हे योग्यच झाले. स्मारक हा सन्मान असतो, आणि ज्याने मारले त्याचा सन्मान ज्यांना मारले त्यांच्या ओळीत कसा करावा? पण प्रार्थनेचे काय? मिस्साबलिदानात आम्ही मृतांसाठी विनंती करतो तेव्हा तेथे किती जण धरावयाचे, ३२ की ३३?

प्रार्थना म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो ती ते पुण्यवंत होते म्हणून नाही, तर त्यांना दयेची गरज आहे म्हणून. मग ज्याला तिची गरज सर्वांत अधिक, त्यालाच वगळण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? एके काळी ख्रिस्तसभाही याबाबत कठोर होती. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास, मरणापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दिसले नाही तर, ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने तर अशांच्या तारणाची आशा सोडू नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेच शिकविले. गंभीर मानसिक व्याधीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हेही सांगितले. येथे आत्महत्येआधी ३२ हत्या आहेत, हे आम्ही विसरत नाही. त्या पापाचे वजन ठरविण्याचा तराजू मात्र आमच्या हाती नाही.

एक सावधगिरी हवी. दूरच्या माणसाने क्षमेची भाषा करणे फार सोपे असते, आणि धर्मगुरूंना तर तिची सवयच जडलेली असते. ज्या आईची लेक गेली तिच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क आम्हांस नाही. क्रुसावरून प्रभूने क्षमेची याचना केली ती स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांसाठी. जखम त्याचीच होती. त्या आईला मारेकऱ्याचे नाव ओठांवर आणवत नसेल, तर तिने गप्प राहावे. तिच्या गप्प राहण्यात अश्रद्धा शोधू नये. तिला जी विनंती पेलवत नाही ती इतरांनी करावी, सामुदायिक उपासनेचा एक उपयोग हाच आहे.

आणखी एक गोष्ट सलते. डिसेंबर २००५ मध्ये न्यायदात्याने या तरुणाला स्वतःच्या जिवास धोका असलेला ठरवून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशाचा पाठपुरावा झाला नाही. वर्गात तो जवळजवळ बोलतच नसे. सिलोआमचा बुरूज कोसळून १८ जण मेले तेव्हा ते अधिक पापी होते काय हा हिशेब प्रभूने नाकारला, आणि ऐकणाऱ्यांनाच त्यांच्या अंतःकरणाविषयी विचारले. आमच्या धर्मग्रामातही महाविद्यालयातून आल्यावर खोलीचे दार लावून घेणारी, जेवणाच्या पाटावर मान वर न करणारी मुले आहेत. ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून आपण पुढे जातो. अशा मुलासाठी रोजरीचा एक दशक म्हणावा आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे, दोन्ही करावे. डॉक्टरांकडे नेण्यात लाज वाटते म्हणून केवळ रोजरी म्हणणे आम्हांस मान्य नाही.

त्या आठवड्यात मारेकऱ्याच्या कुटुंबियांनी एक निवेदन काढून सर्व मृतांसाठी शोक व्यक्त केला. त्यांच्याही घरातला एक मुलगा गेला होता, आणि त्याच्यासाठी मोठ्याने रडण्याचीही त्यांना सोय नव्हती. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावताना त्या घराचीही आठवण ठेवावी, अशी आमची विनंती आहे.