कालसर्पाचे गणित आणि दैवाचा पाचवा वाटा

नाशिकच्या जुन्या सीबीएसवरून पहाटे सुटणाऱ्या त्र्यंबकच्या एसटीत यात्रेकरू ओळखायला वेळ लागत नाही. पिशवीत कोरे पांढरे धोतर, कोरी साडी आणि खिशात घडी घालून ठेवलेली पत्रिका. तीसेक किलोमीटरवर ब्रह्मगिरीच्या पायथ्याला उतरायचे, कुशावर्तात स्नान करायचे, ओल्या अंगाने कोरे कपडे नेसायचे आणि गुरुजींसमोर चांदीच्या नागाची पूजा मांडून बसायचे. कोणाचे लग्न जमत नाही, कोणाला मूल नाही, कोणाचे दुकान बसले आहे. पत्रिका पाहणाऱ्याने सगळ्यांना एकच शब्द सांगितलेला असतो: कालसर्प.

हा शब्द भीती घालतो. पण त्याची व्याख्या इतकी नेटकी आहे की ती थेट गणिताच्या हाती देता येते. राहू आणि केतू हे आकाशातले दोन समोरासमोरचे बिंदू, त्यामुळे राशीचक्राचे बरोबर दोन अर्धे होतात. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सातही एकाच अर्ध्यात सापडले की कालसर्प योग झाला. मग राहू कुठल्या स्थानी आहे त्यावरून अनंत, कुलिक, वासुकी अशी बारा नावे.

आता सातही ग्रह एकमेकांशी संबंध न ठेवता फिरतात असे क्षणभर धरू. प्रत्येक ग्रह या अर्ध्यात की त्या अर्ध्यात, म्हणजे छापा की काटा. सात नाणी एकदम उडवली तर सगळी सारखी पडण्याची शक्यता 64 मध्ये 1. पण आकाश इतके मोकळे नाही. बुध सूर्यापासून 28 अंशांपलीकडे दिसत नाही, शुक्र 47 अंशांपलीकडे जात नाही. हे दोघे बहुतेक वेळा सूर्याच्याच बाजूला असतात. ते नेहमीच सूर्यासोबत असते, तर सातांऐवजी पाचच नाणी उरली असती आणि शक्यता 16 मध्ये 1 झाली असती. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये, ढोबळ मानाने विसात एकाच्या आसपास पडते. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांवर होती. म्हणजे एकट्या या जिल्ह्यात तीनेक लाख माणसे कालसर्पाची. त्यांतली किती तरी सुखाने संसार करत असतील, द्राक्षबागा पिकवत असतील, आणि त्यांना हे कधी कळणारही नाही.

याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. गुरू आणि शनी संथ चालतात. राहू-केतूंना एक फेरी पुरी करायला साडेअठरा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. त्यामुळे चंद्र सोडून बाकीचे सहा ग्रह एका बाजूला आले, की ते बराच काळ तसेच राहतात. चंद्र मात्र 27.3 दिवसांत सगळे चक्र फिरतो, म्हणजे निम्मे दिवस तो त्याच बाजूला असतो. असा काळ आला की सलग तेरा-चौदा दिवस जगात जन्मणारे प्रत्येक मूल कालसर्पाचे. पृथ्वीवर रोज साडेतीन लाखांहून जास्त मुले जन्मतात. त्या पंधरवड्यातली ही जवळजवळ पन्नास लाख मुले, टोकियोतली, नैरोबीतली, निफाडमधली, सगळ्यांच्या कपाळी एकच अडथळा लिहिलेला आहे असे मानायचे का?

मंगळाचेही तेच. महाराष्ट्रात लग्नी, चतुर्थात, सप्तमात, अष्टमात किंवा व्ययात मंगळ असला की मुलगी मंगळाची ठरते. बारा स्थानांपैकी पाच. शंभरातल्या चाळिसांहून जास्त पत्रिका या चाळणीत अडकतात. चंद्रापासूनही मंगळ मोजला तर हा आकडा साठाच्या वर जातो. एकाला मंगळ आहे आणि दुसऱ्याला नाही, म्हणून पत्रिका जुळत नाही, असे साधारण निम्म्या स्थळांबाबत निव्वळ योगायोगाने होणार. बोटांवर करता येईल एवढ्या या हिशेबापायी किती मुलींची उमेदीची वर्षे वाया गेली, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

यावर जाणकार ज्योतिषी एक उत्तर देतात आणि ते ऐकून घ्यायला हवे. कालसर्प जुन्या ग्रंथांत या नावाने सापडत नाही, तो मागाहून आला, खऱ्या शास्त्राची परीक्षा त्यावरून करू नका, असे त्यांच्यातलेच अनेकजण म्हणतात. रास्त आहे. अशी परीक्षा महाराष्ट्रात झालीही आहे.

2008 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः फलज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ही चाचणी घेतली. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून 200 मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. 100 हुशार मुले, 100 मतिमंद मुले. त्यांच्या पत्रिका तयार करून मिसळल्या गेल्या. ज्योतिषांना आवाहन झाले: प्रत्येकाला कोणत्याही 40 पत्रिका मिळतील, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढेच सांगायचे. 28 किंवा अधिक बरोबर आल्या तर यश. 28 का? कारण नाणे उडवून उत्तरे दिली तर सरासरी 20 बरोबर येतात, पण 28 गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. नशिबाने पास होण्याची वाट आधीच बंद केलेली होती, आणि खऱ्या ज्ञानाला 28 ची अट अवघडही नव्हती.

51 जणांनी पत्रिका घेतल्या, 27 जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत जास्त बरोबर उत्तरे आली 24. सगळ्यांचे मिळून यश 46 टक्के. 27 माणसांनी नुसती नाणी उडवली असती, तरी तिघाचौघांनी 24 पर्यंत मजल मारली असती. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या आणि तिची 102 उत्तरे बरोबर आली, 51 टक्के. हे निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. 20 ऑगस्ट 2013 रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात गेले.

या चाचणीने काय सिद्ध झाले आणि काय नाही, हे नीट वेगळे करायला हवे. पत्रिकेवरून बुद्धी ओळखता येते हा दावा तिथे टिकला नाही. ईश्वर नाही, दैव नाही, असे तिने म्हटलेले नाही. तिला ते म्हणताही आले नसते.

श्रद्धेचीच मोजणी करण्याचा प्रयत्न मात्र झाला आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने 1872 मध्ये प्रार्थनेच्या परिणामकारकतेवर लेख लिहिला. राजाला दीर्घायुष्य लाभो म्हणून सारा देश चर्चमध्ये प्रार्थना करतो, तर राजघराण्यातली माणसे इतर सधन लोकांपेक्षा जास्त जगायला हवीत. ती उलट कमी जगत होती. 2006 मध्ये अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हते, त्यांतल्या प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी 51 टक्क्यांना. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हा आकडा 59 टक्के निघाला.

पंढरीची वाट चालणाऱ्याला असे प्रयोग परके वाटतील, आणि त्याचे वाटणे चुकीचे नाही. विठ्ठलाकडे तो निकाल मागायला जात नाही. काही न मागता केलेल्या भक्तीला यश-अपयशाचा रकानाच नसतो, मग संख्याशास्त्र तिथे मोजणार काय? पण ‘एवढी दक्षिणा, एवढा विधी आणि वर्षभरात लग्न’ असे म्हटले की तो दावा झाला. दाव्याला मोजणी लागू होते. ही रेषा धर्माच्या बाहेरून आखलेली नाही. सकाम आणि निष्काम हा भेद गीता वाचणाऱ्याला शिकवावा लागत नाही.

मग पूजा केल्यावर गुण आला असे सांगणारे इतके लोक का भेटतात? ते खोटे बोलत नाहीत. माणूस त्र्यंबकला येतो तो सगळे बरे चाललेले असताना येत नाही. ओळीने चार स्थळे मोडली, धंदा तळाला गेला, की मग येतो. फार वाईट काळानंतर येणारा काळ बहुतेक वेळा थोडा बरा असतो, पूजा केली तरी आणि नाही केली तरी. आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत गाल्टनलाच हा नियम सापडला होता: टोकाकडून गोष्टी सरासरीकडे वळतात. वरून आणखी एक गोष्ट घडते. ज्याचे काम झाले तो चार घरी सांगतो, पुढच्या वर्षी नवस फेडायला येतो. ज्याचे झाले नाही तो गप्प बसतो. गुरुजींच्या कानी पहिलाच आवाज पडतो, आणि त्यांचाही विश्वास प्रामाणिकपणे वाढत जातो.

एवढे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. पुण्याच्या त्या चाचणीतल्या मतिमंद मुलांच्या 100 पत्रिकांमागे 100 घरे होती. संख्याशास्त्रासाठी तो 200 कागदांचा गठ्ठा होता, पण त्या घरांत कधी ना कधी एक वाक्य उच्चारले गेलेच असेल: आमच्याच वाट्याला का? याचे उत्तर शक्यतेच्या गणिताकडे नाही. डाउन सिंड्रोमचे मूल होण्याची शक्यता पंचविशीतल्या आईच्या बाबतीत साधारण बाराशेत एक असते आणि चाळिशीत शंभरात एक, हे ते सांगते. तो एक कोण, हे सांगत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. दैव हे सर्वस्व नव्हे, पाचातले एक. आजचा संख्याशास्त्रज्ञही पावसाचे किंवा कांद्याच्या भावाचे प्रतिमान मांडताना ठाऊक असलेली सगळी कारणे लिहितो आणि शेवटी एक पद जोडतो, ज्या भागाचे कारण सांगता येत नाही त्याचे. तो त्या पदाला नाव देत नाही, त्याची शांती करत नाही, फक्त ते किती मोठे आहे हे मोजतो. या पाचव्या वाट्यापुढे नम्र होणे ही खरी धार्मिक वृत्ती आहे. त्याला सर्पाचे नाव देऊन दर ठरवणे ही नव्हे.

आणि इथे गणित अनेक धर्मोपदेशांहून दयाळू ठरते. ‘मागल्या जन्मीचे पाप’ हे उत्तर त्या आईच्या माथी दोष मारते. पेशी विभागताना एक जास्तीचे गुणसूत्र राहून गेले, ते कोणाच्या वागण्याने नव्हे, हे उत्तर तिला त्या दोषातून सोडवते. मराठीत ‘योग’ भिववतो, पण ‘योगायोग’ म्हणताना आपण कोणालाच जबाबदार धरत नाही. दुःख उरतेच. अपराधीपण तरी जाते.

त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे नामावळीच्या जुन्या वह्या आहेत. गाव, कुळ, पणजोबांचे नाव, कोण कधी येऊन गेले, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्यांनी जिवापाड जपल्या आहेत. नोंद ठेवण्याची ही शिस्त वाखाणण्यासारखी आहे. त्याच वहीत आता आणखी एक रकाना आखावा: यजमान कशासाठी आले होते, आणि वर्षाने, काम होवो वा न होवो, त्यांनी काय कळवले. यजमानांनीही घरी पोचल्यावर गप्प न राहता ते एक पोस्टकार्ड टाकावे.