प्रवास झेपणार नाही

न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला प्रयोगांतून निवृत्त झालेले ४४ चिंपांझी उरले होते. त्यांना लुइझियानातल्या ‘चिंप हेवन’ या आश्रयस्थानी हलवायचं नाही, असं एनआयएच या अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेने २०१९ मध्ये ठरवलं. कुणाला मधुमेह, कुणाला हृदयविकार. पशुवैद्य म्हणाले, प्रवास झेपणार नाही.

खरंही असेल. पण धोका किती, हे डॉक्टर सांगतात. पत्करायचा की नाही, हे पेशंट ठरवतो. ऑपरेशनआधी आपण आजीला विचारतो तरी. इथे डॉक्टर, पालक, मालक एकच. २०२२ मध्ये कोर्टाने हा निर्णय बेकायदा ठरवला. मी तर त्यांना सोबत्यांसकट पाठवलं असतं. वाटेत एखादा दगावेल, हे धरून.